मीठ बंद

बोट कापलं ते टेपमुळे. टेपने कापलं असं नव्हे; टेप आपली कापडाची, शिंप्याकडून आणलेली, कडेला उसवलेली. पण शनिवारी सकाळी ती येसूच्या पोटाभोवती फिरवून बेंबीवर आणली, आणि आकडा सव्वीसच्या पुढे अर्धा इंच गेलेला पाहिला, तेव्हा माझं डोकं असं काही तडकलं की इंजेक्शनची काचेची कुपी नीट न घासताच मी तिची मान मोडली आणि उजव्या हाताची तर्जनी चिरून घेतली. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मुंबईला शिकत असताना पहिल्या महिन्यात सगळ्या मुलींची बोटं कापायची, माझी एकदाही नाही, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. ट्रेमध्ये रक्ताचे थेंब पडले तसं येसूनेच विचारलं, "नर्सबाय, तुमका दुखला?" सात वर्षांची पोर, डोळ्यांच्या सुजून नुसत्या फटी झालेल्या, पाय असे की बोट दाबलं तर खड्डा पाच मिनिटं बुजत नाही, आणि ती मला विचारते दुखलं का. मी म्हणाले, "गप रव." दवाखान्यात मी पुस्तकातलं मराठी बोलते. मालवणी तोंडून निघाली की समजावं, बाई खरोखर चिडली आहे.

चिडले होते कुणावर, ते माणूस दाराशी उभं होतं, पदराचं टोक दातात धरून. तुळसा, येसूची आई. तिला आकडे वाचता येत नाहीत, ती माझं तोंड वाचते. "वाडला?" तिने विचारलं. वाढणार नाही तर काय होणार, मी म्हटलं, घरात मीठ देता आणि इथे येऊन मला विचारता. "देवाशपथ, नर्सबाय, कणभर सुदिक घालूक नाय." शपथ! शपथेचं नाव मला आता ऐकवत नाही. पंधरा दिवसांपूर्वी याच दारात, बाहेर चाळीस माणसं केसपेपर धरून बसलेली असताना, मीच तिला म्हणाले होते की पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांग. तिने ठेवला. येसूने वर बघितलं, आईचा हात डोक्यावर आला म्हणून तिला बरं वाटलं असावं, ती हसली. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मला फक्त राग येत होता, आणि राग असला की माणसाला आपण बरोबरच आहोत असं फार स्वच्छ दिसतं.

येसूच्या आजाराला लांबलचक इंग्रजी नाव आहे, डॉक्टरांनी ते मला दोनदा लिहून दाखवलं. मला तो असा समजतो: मूत्रपिंडं गळकी झाली आहेत, अंगातलं सत्त्व लघवीवाटे निघून जातं आणि पाणी तेवढं अंगात साठत राहतं. दर शनिवारी तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन मी स्पिरिटच्या दिव्यावर धरते. धडधाकट माणसाची नुसती उकळते, येसूची अंड्यातल्या पांढऱ्यासारखी थिजते. मुंबईहून मागवलेल्या बारक्या गोळ्या चालू आहेत, पण गोळ्यांनी काम करायचं तर अंगात मीठ जाता कामा नये, कारण मीठ पाण्याला धरून बसतं. म्हणून केसपेपरच्या माथ्यावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं, मीठ बंद, आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन शब्द. एवढे दोन शब्द एका घराला पाळता येऊ नयेत? आणि पाळले होते की. दसऱ्याच्या सुमाराला ती वॉर्डात आली तेव्हा घेर पंचवीस होता. पाच दिवसांत साडेतेवीसवर आला. डॉक्टर एरवी कौतुकाच्या वाटेला जात नाहीत, ते म्हणाले, "सिस्टर, छान." घाटावरचे आहेत, त्यांना इथल्या लोकांचं बोलणं अर्धंच कळतं, म्हणून पथ्यपाण्याचं सगळं माझ्यावर सोडतात. मी इथलीच ना. मीही ते हौसेने घेते.

त्या पाच दिवसांत पोट उतरलं, पण पोर जेवेना. आमच्या वॉर्डाच्या मागच्या पडवीत तीन दगडांच्या चुली आहेत, रोग्यांच्या बायका तिथे पेज शिजवतात, तुळसाही शिजवायची. बिनमिठाची पेज. ती ज्याने खाल्ली नाही त्याने बोलू नये. येसू पहिल्या दिवशी म्हणाली, "ह्येका वास येता." दुसऱ्या दिवशी तोंडात धरून बसली. दूध दिलं तर उलटून पडायचं. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने वाटी ढकलून दिली नाही, फेकली नाही, वाटी हातात धरून आवाज न करता रडली, मोठी बाई रडते तसं. मी लहान मुलं पुष्कळ रडताना पाहिली आहेत, मला काही होत नाही. तसं रडणं मात्र मला बघवेना. मी तुळसाला म्हटलं, अगं, चमचाभर आगळ घाल तिच्या पेजेत, आंबटाने तोंडाला चव तरी येईल. रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं लाल आंबट आगळ, आमच्या किनाऱ्यावर ते ज्याच्या घरात नाही असं घर मला दाखवा. दुसऱ्या दिवशी पोरीने वाटीभर पेज प्यायली आणि वाटी चाटली. मी त्या दिवशी खोलीवर गेले ती मनातल्या मनात गात गेले. मुंबईच्या आमच्या मेट्रन, एक पारशीण बाई, नेहमी म्हणायच्या, "दया करायची ना, सिस्टर, पण मापून करायची." भाजलेल्या एका पोराला मी ठरवल्यापेक्षा जास्त पाणी पाजलं होतं, तेव्हा त्यांनी मला वॉर्डाच्या मध्यावर उभं करून हे ऐकवलं. मला वाटायचं, या बाईच्या छातीत दगड आहे. मुंबई सोडून इथे आले त्यात तोही एक भाग होता. आपल्या माणसांत दया मापावी लागणार नाही, आपल्याला त्यांचं सगळं ठाऊक असतं, असा माझा एक समज होता.

सहाव्या दिवशी हौसाबाई आली. तुळसाची सासू, बाबलीची आई. बाबली, तुळसाचा नवरा, मुंबईला गोदीत आहे, घरात या दोघी आणि पोर. म्हातारी त्यांच्या गावाहून, तोंडवलीहून चालत, होडीतून, पुन्हा चालत आली, काखेत बोचकं. नातीच्या खाटेखाली फडकं अंथरून राहिली. आणि आठव्या दिवशी टेप चोवीसवर गेली. मी दोनदा मोजलं. बाराव्या दिवशी पावणेपंचवीस. काय बदललं? औषध तेच, खाट तीच, आई तीच. एक म्हातारी तेवढी नवीन आली होती. मग एका दुपारी पडवीत मी तिला पकडलं. केळीच्या पानाखाली भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा लपवून भात खात होती. खारवलेला बांगडा! मी पान उचललं तर ती म्हणाली, "ह्यो माझो, बाय. पोरीक नाय." लपवायचं कशाला मग? "पोरीन बघल्यान तर मागतली म्हणान." उत्तर अगदी बरोबर होतं. मी मानलं नाही. वॉर्डात गोवराचं एक पोर आलं, सुजलेल्या पोरीला तो लागू नये म्हणून तिसऱ्या आठवड्यात तिला घरी पाठवलं, दर शनिवारी आणायला सांगितलं, आणि प्रत्येक शनिवारी टेप पुढेच सरकत गेली. शेवटी त्या शपथेच्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हणून गेले, या घरात कोणीतरी चोरून मीठ चारतंय, आणि ते कोण हे मला माहीत आहे. हौसाबाई त्यावेळी बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, येसूच्या पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत राहिली. सुजेमुळे तो बसत नव्हता.

तर या शनिवारी सव्वीस इंच आणि वर अर्धा. डॉक्टर म्हणाले की पुढच्या शनिवारपर्यंत घेर उतरला नाही तर पोटात सुई घालून पाणी काढावं लागेल, आणि त्यातून काही बिघडलं तर इथे काही करता येणार नाही, मुंबईच्या बोटीत घालावी लागेल. त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं. येसूचा श्वास आताच आखूड झाला आहे, आडवी झाली तर घाबरी होते. ती बोटीत दिवस-रात्र काढील यावर त्यांचा विश्वास नव्हता, माझाही नव्हता. मी संध्याकाळभर खोलीत फेऱ्या घातल्या. कापलेलं बोट ठणकत होतं. ठरवलं की उद्या रविवार, उद्या तोंडवलीला जायचं, न सांगता, आणि त्या घराचा कानाकोपरा उपसायचा. मीठ सापडलं की त्या दोघींच्या समोर ठेवायचं. मला मीठ सापडायला हवं होतं, हे मी लिहून ठेवते. मी आजारी मुलीच्या घरी काळजीने निघाले नव्हते, पुरावा आणायला निघाले होते.

मालवणहून चालत सर्जेकोटाला आले, तिथून तोंडवलीला होडी होती. महादू होडीवाला वल्हं कमी आणि तोंड जास्त चालवणारा. होडीत दोन टोपल्या माशांच्या आणि मी. माझ्या बोटाची पट्टी पहिल्या लाटेतच भिजली, ती काढून मी पाण्यात टाकली. महादूने बघितलं. "नर्स काय गो तुमी? दवाखान्यातली?" हो म्हटलं. जरा वेळाने म्हणाला, "हौसाक घराभायर काढलेली ती तुमीच मा?" मी म्हटलं, काय बोलतोयस? तर तो साध्या आवाजात सांगू लागला, जसं वाऱ्याचं सांगावं, की तुळसाने सासूला सांगितलं, आये, तू मामाकडे जाऊन रव, नर्सबायचो तुझ्यार वहीम आसा. आणि म्हातारी त्याच दिवशी बोचकं घेऊन वाडीच्या टोकाला भावाकडे गेली. पंधरा दिवस झाले. "भांडाण नाय, काय नाय. दोगांय रडत होती. पोरगी आजयेक हाका मारता तां आमका होडयेत आयकाक येता." मी त्याला म्हटलं, तू होडी बघ. मला राग आला, सगळ्यांचा. मी काय तिला घराबाहेर काढा म्हटलं होतं? ही माणसं एक सांगितलं की दहा करतात. मीठ बंद करा म्हटलं तर ते जमत नाही, म्हातारी बंद करायला मात्र लगेच तयार. आणि तरीही, ती घरात नसताना पंधरा दिवसांत टेप दीड इंच वाढली होती, हा हिशेब होडी किनाऱ्याला लागेपर्यंत माझ्या डोक्यात आला नाही. आला असेल, तर मी त्याला बसू दिलं नाही.

घर वाळूतच. माडांच्या मधे चिऱ्याच्या दोन खोल्या, पुढे झापांची पडवी. येसू पडवीत भिंतीला टेकवून बसवलेली, पाठीमागे उशीच्या जागी काथ्याचं गाठोडं. मला बघून तिने हात वर केला, म्हणजे तिला वाटलं टेप आली. तुळसा चुलीजवळून उठली. तिला मी बोलूच दिलं नाही. "मला सगळं बघायचंय," असं म्हणून सरळ आत शिरले. काय काय केलं ते आता आठवलं की कानांच्या पाळ्या गरम होतात. मडक्यातली पेज चाखली, अळणी. भाताचं टोप, अळणी. लाल भोपळ्याची भाजी, अळणी. फडताळ, शिंकं, पिठाचा डबा, तांदळाची कणगी, एकेकात हात घातला. कोपऱ्यात आगळाची बाटली, कांद्यांची वेणी, सुक्या मिरच्या, नारळाच्या कवट्या. सुकं मासळं नाही, लोणचं नाही, पापडाचा तुकडा नाही. मिठाचं मडकं कुठाय, मी विचारलं. तुळसाने परसाकडे बोट दाखवलं. तिथे ते मडकं धुऊन पालथं घातलेलं होतं, त्यावर शेवाळ धरायला लागलं होतं. "तू काय खातेस मग?" "पोरगी खाता तांच." सहा आठवडे? "ती बघता मा माझ्या ताटात." मी तिच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. गळ्याची हाडं वर आलेली, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. समुद्राच्या काठावरच्या घरात एक बाई सहा आठवडे मिठावाचून जेवत होती, आणि मी तिला पोरीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता.

पण म्हणून माझा राग गेला का? उलट वाढला. सापडलं असतं तर सुटले असते. आता काय? मग पाणी येतं कुठून? मी पडवीत येऊन येसूजवळ धपकन बसले. तुळसाने न विचारता येसूची वाटी आणली, दुपारची पेज. वर आगळाचं लाल वर्तुळ ओतलेलं, ते ढवळलं नव्हतं. "द्या इकडे, मी भरवते," मी म्हणाले. काहीतरी करायला हवं होतं. चमचा पेजेत पडला होता, तो काढायला बोट घातलं, तेच बोट, आणि असं झोंबलं की माझ्या तोंडून आवाज निघाला. आंबट आहे, झोंबणारच, मी मनात म्हटलं. लहानपणापासूनची सवय, बोट तोंडात घातलं.

खारट. मी पुन्हा चाटलं. पेज अळणी, मी स्वतः चाखली होती. बोट खारट. मी उठले, आत जाऊन कोपऱ्यातली बाटली घेतली, तळहातावर ओतून घेतलं आणि जिभेला लावलं. आंबट, हो, पण आंबटाच्या खाली, आंबटाला धरून, मीठ. नुसतं मीठ. आणि मग माझ्या गावचं, मिठबावचं आमचं अंगण मला दिसलं असं नाही म्हणणार, ते डोळ्यांत घुसलं. मे महिना, फोडलेल्या रातांब्यांची रास, आईचे मनगटापर्यंत लाल हात, आणि तिचा आवाज: "सुगंधा, मीठ हाड गो. आणखी हाड. कमी पडला तर बुरशी धरतली." करवंदीच्या जाळीत ओरखडलेले माझे हात त्या मिठाने झोंबायचे आणि मी रडायचे. दहा उन्हाळे मी ते मीठ सुपाने वाहून आणलं. आगळात मीठ असतं हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण आगळ म्हणजे आंबट. आमच्याकडे ते कोणी खारट म्हणून ओळखत नाही, समुद्रात बसून कोणी मिठाची आठवण काढत नाही तसं. आगळाची सोलकढी करताना त्यात वरून मीठ घालत नाहीत, मग ती बिनमिठाचीच, नाही का? डॉक्टरांना हे कळायचं काही कारण नव्हतं, त्यांच्या लेखी आगळ म्हणजे लाल सरबत. मेट्रनबाईंनी तर ते आयुष्यात पाहिलं नसेल. हे एकाच माणसाला कळायला हवं होतं. चमचा. मी चमचा म्हटलं होतं. "पेजेत तीनदा घालतंय," तुळसा सांगत होती, मी विचारलं असणार, "आणि भातावर सोलकडी, वाटीभर. तितकाच काय तां जाता तिका."

माणूस किती वाईट आहे हे त्याला असल्या वेळी कळतं. मी काय केलं? बाटलीला बूच लावलं आणि स्वच्छ, पुस्तकी मराठीत म्हणाले, "आजपासून आगळ बंद. डॉक्टरांनी सांगितलं आहे." तुळसा बावचळली. "आगळ? आगळात काय आसा?" मीठ असतं, मी म्हटलं. ती उभी होती ती खाली बसली. ओठ हलवत राहिली, सहा आठवड्यांच्या वाट्या मोजत असावी. मग तिचा चेहरा एकदम सुटला. "मगे तां म्हातारेच्याच हातचा! आगळ तिणाच केलेला, वैशाखात. तुमी बोललात तां खराच, नर्सबाय, मीठ तिच्याच हातसून गेला." ती माझ्याकडे आशेने बघत होती. तिला माझं बरोबर असणं हवं होतं, म्हणजे म्हातारीला पाठवलं ते तरी फुकट गेलं नसतं. आणि मला ते किती सोपं होतं! मान हलवायची, बाटली पिशवीत टाकायची, चारची होडी पकडायची. पोर बरी झाली असती. सगळ्यांनी हात जोडले असते. मी मान हलवायला सुरुवातही केली असेल. बोट अजून चुरचुरत होतं, ते मी लुगड्याला पुसत होते. येसू ते बघत होती, फटींमधून. "नर्सबाय," ती म्हणाली, "तुमका दुखता?"

मी तिला गप म्हणाले नाही. "तुळसा," मी म्हणाले, आणि मालवणी आपोआप आली, यावेळी रागाने नव्हे, "आगळ घालूक मीच सांगितलंय. दवाखान्यात. पाचव्या दिवशी." ती म्हणाली, "होय तर. तुमीच सांगितल्यात." त्यात बोचरं काही नव्हतं, तारीख सांगावी तसं बोलली. "म्हणान तर मी आयेक निरोप धाडलंय, आगळाची बाटली घेवन ये. ती तेच्यासाठीच इलेली." म्हणजे ते बोचकं. म्हणजे सहाव्या दिवशी नातीच्या काळजीने आली असं मी धरलं होतं, चोरून चारायला आली असं मी ठरवलं होतं, ती म्हातारी माझ्याच सांगण्यावरून, माझंच औषध काखेत घेऊन चालत आली होती. मी वाट बघत होते की आता ही बाई मला बोलेल. चार शब्द, दोन शब्द. तिने पेजेची वाटी उचलली, अंगणात जाऊन माडाच्या आळ्यात ओतली, वाटी विसळली, परत आली आणि विचारलं, "मगे आता काय घालू पेजेत?"

काय घालू! पुन्हा तोच राग उसळला, आता कुणावर ते विचारू नका. "लिंबू पीळ," मी ओरडले. "लिंबू हयसर खंय गावतला?" "मी आणून देईन! मालवणच्या बाजारातून रोज महादूबरोबर पाठवीन, कळलं?" येसू हसली. मला ओरडताना बघून ती नेहमीच हसते. पुढचं इथेच सांगून टाकते, उगाच कोणी जीव टांगून बसायला नको: त्या शनिवारी टेप पंचवीसवर आली, पुढच्या शनिवारी साडेतेवीसवर, आणि नाताळच्या आत तिला पायांचे घोटे परत मिळाले. नळीतली लघवी पातळ व्हायला मात्र होळी उजाडली. सुई लागली नाही, बोट लागली नाही. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, शेवटी पकडलंत मीठ." मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि केसपेपरवर मीठ बंदच्या खाली त्याच लाल शाईने आगळ लिहिलं. मला बोलले नाहीत. बोलायला हवं होतं.

पण त्या रविवारी हे काही माहीत नव्हतं, आणि वाडीच्या टोकाला जायचं होतं. वाळूत पाय रुतत होते, चपला हातात घेतल्या. हौसाबाई भावाच्या खळ्यात सुंभ वळत बसली होती. मला येताना बघून तिने पाय जवळ घेतले. "पोरीक काय झाला?" काही नाही, मी म्हटलं, आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, एका दमात, कारण थांबले असते तर जमलं नसतं. तिने ऐकून घेतलं. सुंभाचं टोक पायाच्या अंगठ्यात तसंच धरलेलं. "आगळ माझ्याच हातचा," ती शेवटी म्हणाली. "यंदा रातांबे लय धरलेले. मीठ हात सैल सोडून घातलंय." मी म्हटलं, त्यात तुझी चूक नाही, मी सांगितलं म्हणून दिलं गेलं. "तुमी सांगितल्यात, पण मीठ माझा. तुमी थोडाच घातलात?" अगो बाय, मी ओरडले, खरोखर ओरडले, तिचा भाऊ घरातून बाहेर आला, अगो, चूक माझी आसा, ती माझ्याकडे तरी रवांदे! काय माणसं आहेत ही. मीठ सोडायला सांगितलं तर सोडतात, सासू सोडायला सांगितली तर सोडतात, आणि माझ्या वाटणीचा दोष तेवढा माझ्याजवळ ठेवून देत नाहीत. हौसाबाई माझ्याकडे बघत राहिली, पोर ताप आल्यावर बरळतं तेव्हा बघावं तसं. मग हळूच सुंभ गुंडाळून ठेवलं आणि बोचकं घेतलं.

परत येताना ती पुढे आणि मी मागे. चारची होडी केव्हाच गेली असणार, महादू पलीकडे जाऊन चहा पीत बसला असेल, आता मला काळोखापर्यंत थांबावं लागणार होतं. लांबूनच येसूला आजी दिसली आणि तिने हाक मारली, श्वास पुरला नाही म्हणून हाक अर्धीच आली, "आज..." म्हातारीचे पाय भराभर पडू लागले. तुळसा दारात आली, पदर सावरत बाजूला सरली. पडवीच्या पायरीशी येऊन हौसाबाई मात्र थांबली. तिचं घर. तिच्या नवऱ्याने बांधलेलं, तिने सारवलेलं, याच पडवीत बाबली जन्मला होता. येसूने तिच्याकडे दोन्ही हात पसरलेले. तिने बोचकं खाली ठेवलं नाही. वळून, मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघून तिने विचारलं, अगदी साधेपणाने, दवाखान्यात विचारतात तसं:

"बाय, मी भितर जाव?"